मिठाला रेणू नसतो

लंडनच्या ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये एक पत्र छापून आलं. त्याचं शीर्षक होतं ‘बिचारं साधं मीठ!’. लिहिणारे हेन्री आर्मस्ट्राँग तेव्हा ७९ वर्षांचे होते आणि रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून इंग्लंडभर त्यांचं नाव होतं. त्यांना राग आला होता तो एका विधानाचा. मिठाच्या खड्यात सोडिअम क्लोराइडचा रेणू असा कुठे सापडतच नाही. सोडिअम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्यापांढऱ्या घरांसारखे आळीपाळीने मांडलेले असतात, असं ते विधान होतं. आर्मस्ट्राँग यांना हे सहनच होईना. एक सोडिअम, एक क्लोरीन, दोघांची जोडी म्हणजे मिठाचा रेणू, हे त्यांनी अनेक पिढ्यांना शिकवलं होतं. मग ती जोडी गेली कुठे?

जोडी मुळात नव्हतीच. विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने १९१३ साली मिठाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि पलीकडे उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली मांडणी ताडली. प्रत्येक सोडिअमच्या भोवती सहा क्लोरीन होते: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे. प्रत्येक क्लोरीनभोवतीही असेच सहा सोडिअम. यातला कोणता क्लोरीन कोणत्या सोडिअमचा, या प्रश्नाला अर्थच उरत नव्हता. दोन वर्षांनी ब्रॅग पितापुत्रांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा मुलाचं वय होतं २५. आर्मस्ट्राँग यांना मात्र विद्युतभारित अणूची, म्हणजे आयनाची कल्पना शेवटपर्यंत पटली नाही.

म्हाताऱ्या शिक्षकाच्या या हट्टाकडे आज सहानुभूतीने पाहायला हवं, कारण शाळेतल्या बहुतेक मुलांच्या मनात अजूनही तीच जोडी असते. वहीत सोडिअमच्या शेजारी क्लोरीन काढायचा, मधे एक रेघ मारायची, झाला रेणू. ती रेघ म्हणजे नेमकं काय, हे न कळताच संयुगांची नावं पाठ केली जातात. मग नियम सुटे सुटे वाटतात. कुठे ‘डाय’ लावायचं, कुठे नाही, कुठे रोमन आकडा, कुठे ‘आइड’ आणि कुठे ‘एट’. खरं तर या सगळ्याचा उगम त्या रेघेत, अणूंमधल्या बंधात आहे. अणू एकमेकांना कसे धरून आहेत, त्यावर त्यांच्या संयुगाचं नाव कसं ठेवायचं हे ठरतं.

सोडिअम हा चाकूने कापता येईल असा मऊ धातू आहे. पाण्यात टाकला की तो पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. हे दोघे एकत्र आले की ताटात वाढायचं मीठ होतं. सोडिअमजवळ ११ इलेक्ट्रॉन असतात आणि सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत त्यांतला एकच असतो. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात असतात, आठ होण्याला एक कमी. सोडिअम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. देणाऱ्यावर धन प्रभार येतो आणि घेणाऱ्यावर ऋण. आता हे दोन आयन एकमेकांना ओढतात, पण ही ओढ जोडीदारापुरती नसते. धन आयन आजूबाजूच्या प्रत्येक ऋण आयनाला ओढतो. म्हणून जोडी न बनता रास बनते, चौकोनी शिस्तीने रचलेली. हा आयनिक बंध. जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी १९१६ साली तो इलेक्ट्रॉनच्या देवघेवीने समजावून सांगितला.

ही रास डोळ्यांना दिसतेसुद्धा. उरण, पेण, वसईच्या मिठागरांत किंवा गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आगरवाड्याला खाडीचं पाणी बांधात अडवून उन्हात आटवतात. ‘आगर’ या शब्दावरूनच कोकणातल्या आगरी समाजाला नाव मिळालं. वाफ्यातून ओढून काढलेल्या मिठाचा खडा भिंगाखाली धरला तर त्याला काटकोनी कडा दिसतात. खडा फोडला, तुकड्याचा तुकडा केला, तरी चौकोनीपणा जात नाही. ब्रॅग यांना क्ष-किरणांनी जो पट दिसला, त्याचीच ही मोठी आवृत्ती आहे.

स्वयंपाकघरात आणखी एक पुरावा मिळतो. कढईत साखर तापवली की ती वितळते, तांबूस होते, करपते. मीठ तापवून पाहिलं तर ते तडतडेल, पण वितळणार नाही. मिठाला वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, कारण त्यासाठी आयनांची सगळीच्या सगळी रचना मोकळी व्हावी लागते. साखरेचं तसं नाही. तिथे रेणू खरोखरच असतो: १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन अणूंचा एक स्वतंत्र संसार. रेणूच्या आतले बंध पक्के असतात, मात्र एका रेणूची दुसऱ्यावरची पकड त्या मानाने ढिली असते. थोडी उष्णता मिळाली की रेणू एकमेकांपासून सुटतात. पाण्यात विरघळतानाही हाच फरक राहतो. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, कारण त्यात प्रभार घेऊन फिरणारे आयन असतात. साखरेच्या पाण्यातून ती वाहत नाही.

साखरेतल्या अणूंना धरून ठेवणारा बंध वेगळा आहे. तिथे कुणी देत नाही आणि कुणी घेत नाही; दोघे मिळून इलेक्ट्रॉनची एक जोडी सामाईक वापरतात. हे सुचलं कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले गिल्बर्ट लुईस यांना. तेही १९१६ सालीच, म्हणजे कोसेल यांच्याच वर्षी. अणूच्या चिन्हाभोवती टिंबं काढून इलेक्ट्रॉन दाखवायची जी रीत आज दहावीच्या वहीत दिसते, ती त्यांची. तीन वर्षांनी अर्व्हिंग लँगम्यूर यांनी या बंधाला इंग्रजी नाव दिलं; मराठी पाठ्यपुस्तकांत तो ‘सहसंयुज बंध’ झाला. लँगम्यूर यांना पुढे दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं. लुईस यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, तरी त्यांना ते कधीच मिळालं नाही. रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ज्याची टिंबं गिरवली, त्या माणसाच्या बाबतीत हे व्हावं याची रुखरुख वाटते.

पाणी, प्राणवायू, स्वयंपाकाचा गॅस, युरिया, कापूस, हिरा या सगळ्यांतले अणू याच सामाईक जोड्यांनी बांधलेले आहेत. पाण्याच्या रेणूंमध्ये त्याशिवाय हायड्रोजन बंधाची एक हलकी ओढही असते. तिच्यामुळेच पाणी १०० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच्याच घराण्यातला हायड्रोजन सल्फाइड शून्याखाली ६० अंशांलाच उकळून वायू होतो.

आता नावांकडे वळता येईल. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात तुरटी, नवसागर, मोरचूद, हिराकस, टाकणखार, सोरा ही नावं आजही चालतात. नावं देखणी आहेत, पण ऐकून आत काय आहे ते कळत नाही. मोरचूद आणि हिराकस हे एकाच आम्लाचे क्षार, एक तांब्याचा आणि दुसरा लोखंडाचा. नावांत या नात्याचा मागमूस नाही. अठराव्या शतकातल्या युरोपातही अशीच स्थिती होती. तिथे ‘अँटिमनीचं लोणी’ होतं, ‘जस्ताची फुलं’ होती, ‘व्हिट्रिऑलचं तेल’ होतं. त्या लोण्यात स्निग्धांश नव्हता आणि ते तेल म्हणजे तीव्र गंधकाम्ल होतं. एकाच पदार्थाला गावोगाव निरनिराळी नावं असत. शेवटी पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूरक्रुआ या चौघांनी १७८७ साली नामकरणाची नवी पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पदार्थ कशाचा बनला आहे, ते त्याच्या नावानेच सांगावं, हे तिचं सूत्र होतं. आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे.

त्या काळाची एक खूण महाराष्ट्रातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात रचून ठेवलेली दिसते. पालाश देणाऱ्या खताच्या पोत्यावर ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ असं छापलेलं असतं. लॅटिनमध्ये ‘म्युरिया’ म्हणजे खारं पाणी. मिठापासून मिळणाऱ्या आम्लाला त्यावरून ‘म्युरिअॅटिक’ आम्ल म्हणत आणि त्याच्या क्षारांना ‘म्युरिएट’. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिए यांची खात्री होती. त्यामुळे या आम्लातही ऑक्सिजन आणि कुठलंसं न सापडलेलं मूलद्रव्य असणार असं धरून चौघांनी ते नाव नव्या पद्धतीतही राहू दिलं. लाव्हाझिए १७९४ साली गिलोटिनवर गेले. पुढे १८१० मध्ये हंफ्री डेव्ही यांनी दाखवून दिलं की त्या आम्लात ऑक्सिजन नाही. आहे तो स्वतंत्र हिरवट वायू, क्लोरीन. ‘म्युरिएट’ची सगळी कुळं तेव्हापासून ‘क्लोराइड’ झाली. पोत्यातला पदार्थ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. शेतकरी मात्र अजून ते सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं नावच मागतो, आणि दुकानदारही ते खत त्याच नावाने देतो.

आयनिक संयुगाचं नाव ठेवणं सर्वांत सोपं आहे. आधी धन आयन, म्हणजे बहुतेकदा धातू, आणि मग ऋण आयन. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटी ‘आइड’. नावात आकडा येत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, ते त्यात मिसळलेल्या मॅग्नेशियमच्या क्षारामुळे. मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एकेकच घेतो. म्हणजे एका मॅग्नेशियमला दोन क्लोरीन हवेतच. तरी त्याला ‘मॅग्नेशियम क्लोराइड’ एवढंच म्हणतात, ‘डायक्लोराइड’ नाही. देणं आणि घेणं फिटलंच पाहिजे, सगळ्या राशीवर मिळून प्रभार शून्य झालाच पाहिजे; त्यामुळे प्रमाण आपोआप ठरतं. जे आपोआप ठरतं ते नावात कशाला सांगायचं? शिवाय सांगायचं तरी कशाबद्दल? दोन क्लोरीनचा सुटा रेणू तिथे नसतोच, आयनांची रास असते. आर्मस्ट्राँग यांना न पटलेली गोष्ट नावाच्या रीतीतच मुरलेली आहे.

‘आइड’, ‘आइट’ आणि ‘एट’ ऐकायला जवळचे असले तरी त्यांच्या अर्थात मोठं अंतर आहे. ‘आइड’मध्ये ऑक्सिजन नसतो, ‘आइट’मध्ये कमी असतो, ‘एट’मध्ये जास्त. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट. आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचली तर तिथे ‘पोटॅशियम आयोडेट’ सापडतं. ते ‘आयोडाइड’ असतं तर भारतातल्या उष्ण, दमट हवेत त्यातलं आयोडीन हळूहळू उडून गेलं असतं. आयोडेटमध्ये आयोडीनला तीन ऑक्सिजनांनी सहसंयुज बंधांनी धरून ठेवलेलं असतं, आणि तो सगळा जथा मिळून एका ऋण आयनासारखा वागतो. म्हणजे एकाच संयुगात दोन्ही प्रकारचे बंध. अशा जथ्याला शाळेत ‘मूलक’ म्हणतात. गलगंड टाळणाऱ्या त्या चिमूटभर औषधाचं टिकणं नावातल्या एका प्रत्ययाने सांगितलं आहे.

भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासातलं एक ठळक नाव याच प्रत्ययांचं बनलं आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना पारा आणि सौम्य नत्राम्ल यांच्या संयोगात पिवळे स्फटिक दिसले. १८९६ साली त्यांनी ते जगापुढे मांडले: मर्क्युरस नायट्राइट. ‘आइट’ म्हणजे नायट्रेटपेक्षा एक ऑक्सिजन कमी. आणि ‘मर्क्युरस’मधला ‘अस’ काय सांगतो? धातू दोन प्रकारे इलेक्ट्रॉन देऊ शकत असेल तर कमी देणाऱ्या रूपाला ‘अस’ आणि जास्त देणाऱ्याला ‘इक’ लावायची जुनी रीत आहे. आरोग्य केंद्रातून गरोदर बायकांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळीवर ‘फेरस’ असतं, कारण शरीर ते रूप सहज शोषून घेतं. खिडकीच्या गजावर चढलेला तांबडा गंज ‘फेरिक’ असतो. धातू तोच, एका इलेक्ट्रॉनचा फरक.

या रीतीत एक अडचण होती. ‘अस’ म्हणजे नेमके किती, हे धातूगणिक वेगळं. फेरसचे दोन, क्युप्रसचा एक. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ च्या सुमारास सुचवलं की सरळ कंसात रोमन आकडाच लिहावा. तेव्हापासून फेरस सल्फेट हे ‘आयर्न दोन सल्फेट’ झालं आणि मोरचूद ‘कॉपर दोन सल्फेट’. श्टॉक यांची प्रयोगशाळा पाऱ्याच्या उपकरणांनी भरलेली होती. वर्षानुवर्षं ती वाफ श्वासात जाऊन त्यांची स्मरणशक्ती आणि प्रकृती ढासळली. कारण उमगल्यावर त्यांनी १९२६ साली स्वतःची लक्षणं उघडपणे छापून पाऱ्याच्या वाफेबद्दल सहकाऱ्यांना सावध केलं, आणि पुढेही ते हा धोका सांगत राहिले.

मोरचुदातला तो ‘दोन’ नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत प्रत्यक्ष पाहता येतो. केवडा रोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचं असतं. एक टक्क्याच्या द्रावणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. चुना कमी पडला तर तांब्याचे मोकळे आयन कोवळी पानं जाळतात. म्हणून जाणता बागायतदार स्वच्छ घासलेला लोखंडी विळा मिश्रणात बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला की आणखी चुना घालायचा. तो थर खऱ्या तांब्याचाच असतो: लोखंड आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला देतं, आयनाचा प्रभार फिटतो आणि त्याचं पुन्हा धातूत रूपांतर होतं. त्याच कारणाने हे मिश्रण लोखंडी पिंपात करत नाहीत.

सहसंयुज संयुगांत मात्र मोजल्याशिवाय गत्यंतर नसतं. तिथे हिशेब फिटण्याचं बंधन सैल असतं, तेच दोन अधातू निरनिराळ्या प्रमाणात एकत्र येतात. म्हणून नावात मोनो, डाय, ट्राय, टेट्रा ही ग्रीक मोजणी येते. गळिताच्या हंगामात साखर कारखान्यांत गंधक जाळून मिळालेला वायू उसाच्या रसातून सोडतात आणि रसाचा रंग उतरवतात. तो सल्फर डायऑक्साइड. त्यात आणखी एक ऑक्सिजन गेला की सल्फर ट्रायऑक्साइड होतो, आणि पाण्याशी मिळून त्याचं गंधकाम्ल बनतं. मोजणीचं महत्त्व सर्वांत क्रूरपणे कळतं ते कार्बनच्या बाबतीत. कार्बन डायऑक्साइड प्रत्येक उच्छ्वासात असतो, सोड्याच्या बाटलीत असतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा एक अणू कमी. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेली माणसं त्यानेच दगावतात. त्याला रंग नाही, वास नाही. ‘डाय’ आणि ‘मोनो’ यांतलं अंतर मुलांना परीक्षेपुरतं नव्हे, घरी सांगण्यासाठीही शिकवायला हवं.

नियमाला काही सन्माननीय अपवादही आहेत. पाण्याला कुणी ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ म्हणावं अशी अपेक्षा नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने पाणी आणि अमोनिया यांची जुनी नावं तशीच मान्य केली आहेत.

तिसरा बंध असा आहे की तिथे अशी नावं ठेवताच येत नाहीत. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके मारून हंडे, बंब, घंगाळी घडवायची ही पेशवाईपासूनची वस्ती. अंगावर दिसणाऱ्या त्या चमकत्या टिपक्यांना ‘मठारकाम’ म्हणतात. तोच ठोका मिठाच्या खड्यावर मारला तर खडा फुटेल: थर किंचित सरकला की धन आयनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि ते एकमेकांना लोटतात. तांब्याचे थर बिनघोर सरकतात, कारण धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत. ते साऱ्या पत्र्याचे सामाईक असतात आणि सरकलेल्या अणूंनाही धरून ठेवतात. वीज त्याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे वाहते. या बंधाला ठराविक प्रमाणाचीही फिकीर नसते. तांब्यात जस्त दहा टक्के घातलं काय आणि तीस टक्के घातलं काय, पितळच होतं. कथील घातलं की कासं. प्रमाणच पक्कं नाही, तर ‘डाय’ कुणाला लावणार? म्हणून मिश्रधातूंना व्यवहारातली जुनी नावंच पुरली.

त्याच तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे पूर्वी गल्लोगल्ली भाता घेऊन बसत. भांडं निखाऱ्यांवर लालसर तापवायचं, आत नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो चंदेरी थर सगळीकडे पसरवायचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड: धातू नसलेला आयनिक क्षार. अमोनियममध्ये नत्र आणि चार हायड्रोजन सहसंयुज बंधांनी एकत्र आहेत, आणि तो अख्खा जथा धन आयन होऊन क्लोराइडला धरतो. तापल्या भांड्यात तो फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा काळा ऑक्साइड खाऊन धातू उघडा करतो, आणि स्वच्छ तांब्यावर कथील धरतं. उरलेले दोन्ही वायू भांड्याबाहेर पडून गार हवेत पुन्हा भेटतात. कल्हईवाल्याभोवती घोळका करून उभ्या राहिलेल्या पोरांच्या नाकात जाणारा तो पांढरा धूर म्हणजे हवेत नव्याने जमलेले नवसागराचेच बारीक कण.